तीन नगरे, एकच गोवर

१/
कल्याणहून कर्जतच्या दिशेने निघालेली लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके अर्ध्या तासाच्या आत मागे टाकते. या वाटेवर एका महानगरपालिकेची हद्द कोठे संपली आणि दोन नगरपरिषदांच्या हद्दी कोठे लागल्या, हे डब्यातल्या कोणालाही जाणवत नाही. गोवराच्या विषाणूलाही ते जाणवत नाही. साथ आली की प्रत्येक घरात एकच प्रश्न उभा राहतो: आपले मूल कसे वाचवायचे? या प्रश्नाचे उत्तर मानवजातीला फार सावकाश आणि फार मोठी किंमत मोजून सापडले. त्या उत्तराचा हा इतिहास.

२/
प्रथम भूमीची ओळख. अंबरनाथचे शिवमंदिर शिलाहारांच्या काळातले, शके ९८२ चे, म्हणजे इ. स. १०६० चे. लोहमार्ग १८५४ मध्ये कल्याणला आणि १८५६ मध्ये बोरघाटाच्या पायथ्याशी पोहोचला. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या माळरानावर लष्कराची मोठी छावणी उभी राहिली. त्या ‘कल्याण कॅम्प’मध्ये दोन हजारांहून अधिक बराकी होत्या. युद्ध संपले, सैनिक गेले आणि १९४७ च्या फाळणीनंतर याच रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीची कोनशिला बसली. उल्हास नदीवरून तिला ‘उल्हासनगर’ हे नाव मिळाले.

३/
सैनिकांसाठी बांधलेल्या लांबच लांब बराकीत मधे आडोसे घालून अनेक संसार मांडले गेले. छप्पर एक, ओसरी एक, हवाही एकच. आजही उल्हासनगरचा पत्ता कॅम्प क्रमांक आणि बराक क्रमांकाने सांगितला जातो. अशा रचनेत एका खोलीतला खोकला दुसऱ्या खोलीत ऐकू येतो. गोवराच्या बाबतीत एवढे पुरेसे असते. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही या रोगाचा विषाणू तेथील हवेत दोन तासांपर्यंत टिकून राहू शकतो. निर्वासितांच्या छावण्यांत लहान मुलांचा जीव घेणाऱ्या रोगांत गोवर जगभर अग्रभागी राहिला आहे. १९४७ मध्ये त्याच्यावर लस नव्हती. हा विषाणू प्रयोगशाळेत वेगळा काढायलाच अजून सात वर्षे लागणार होती.

४/
रोग मात्र जुना. आयुर्वेदातील ‘माधवनिदान’ या ग्रंथात मसूरिकेच्या प्रकरणात ‘रोमान्तिका’ नावाच्या विकाराचे वर्णन येते. बारीक लाल पुरळ, ज्वर आणि खोकला ही लक्षणे गोवराशी जुळतात. इ. स. ९०० च्या सुमारास इराणमधील वैद्य अल-राझी याने देवी आणि गोवर या दोन रोगांवर स्वतंत्र ग्रंथ लिहून त्यांतील भेद मांडला. मराठीने हा भेद आपल्या शब्दांतच जपला. मोठ्या फोडांची ती ‘देवी’, पाण्याच्या फोडांच्या त्या ‘कांजिण्या’ आणि बारीक पुरळाचा तो ‘गोवर’. देवीला लोक भ्यायले, तिची पूजा बांधली. गोवर मात्र ‘प्रत्येक मुलाला एकदा येतोच’ असे म्हणून गृहीत धरला गेला. या रोगाबाबत झालेली सर्वात महाग चूक तीच.

५/
देवीविरुद्धचे युद्ध आधी सुरू झाले. एडवर्ड जेन्नरने १७९६ मध्ये गोस्तन देवीची लस सिद्ध केली आणि अवघ्या सहा वर्षांत ती हिंदुस्थानात पोहोचली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचली गेली. भारतातील यशस्वी लसीकरणाची ही पहिली नोंद. पुढे ‘देवी काढणे’ हा वाक्प्रचारच मराठीत रूढ झाला आणि गावोगाव फिरणारा टोचणीवाला ‘देवीचा डॉक्टर’ म्हणून ओळखला जाऊ लागला. १९७७ मध्ये भारत देवीमुक्त घोषित झाला. गोवराला मात्र असा जेन्नर मिळायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. दरम्यान त्याचा स्वभाव तेवढा उलगडला, तोही एका दूरच्या बेटसमूहावर.

६/
मार्च १८४६ च्या अखेरीस कोपनहेगनहून निघालेला एक सुतार उत्तर अटलांटिकमधील फॅरो बेटांवर उतरला. त्याच्या अंगात गोवर होता. बेटांची लोकसंख्या ७,७८२. पुढील काही महिन्यांत त्यांतील सहा हजारांहून अधिक लोक आजारी पडले. डेन्मार्क सरकारने पीटर पानुम या पंचविशीतल्या डॉक्टरला तेथे धाडले. त्याच्याकडे सूक्ष्मदर्शकातून दाखवता येईल असा जंतू नव्हता, जंतुशास्त्रही अजून जन्मले नव्हते. त्याने एकच केले. घरोघरी जाऊन विचारले: कोण कोणाला केव्हा भेटले आणि अंगावर पुरळ कोणत्या दिवशी उठले?

७/
वस्त्या एकमेकींपासून दूर आणि भेटीगाठी मोजक्या. त्यामुळे तारखा पक्क्या सापडल्या. पानुमने दाखवून दिले की संसर्ग झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत साधारण तेरा-चौदा दिवस जातात. दुसरा शोध अधिक थक्क करणारा होता. या बेटांवर गोवराची आधीची साथ १७८१ मध्ये, म्हणजे पासष्ट वर्षांपूर्वी येऊन गेली होती. तेव्हा गोवर झालेले ९८ वृद्ध १८४६ मध्ये हयात होते. त्यांच्यापैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. शरीर हा शत्रू जन्मभर लक्षात ठेवते. पुढे निघालेल्या लशीचा सारा आधार या स्मरणशक्तीवर आहे.

८/
आज हे ज्ञान आणखी रेखीव झाले आहे. रुग्ण पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून पुरळ उठल्यानंतर चार दिवसांपर्यंत इतरांना संसर्ग देतो. १८९६ मध्ये न्यूयॉर्कच्या हेन्री कोपलिक यांनी गालांच्या आतील बाजूस दिसणारे बारीक पांढुरके ठिपके नोंदवले. पुरळाच्या आधीच दिसणारी ती या रोगाची खूण. तोवर घरात दिसतो तो केवळ ताप, खोकला, वाहणारे नाक आणि लाल डोळे, म्हणजे साधा पडसे-खोकला वाटावा असे चित्र. म्हणूनच शेजारच्या घरात पुरळ दिसल्यावर दार लावून घेणाऱ्या कुटुंबाला बहुधा उशीर झालेला असतो. मुले तोवर चार दिवस एकत्र खेळलेली असतात.

९/
बराकी आणि गोवर यांचे नाते पहिल्या महायुद्धात उघड झाले. १९१७-१८ मध्ये अमेरिकेने सैन्यभरती केली आणि दूरदूरच्या खेड्यांतील तरुण प्रशिक्षण छावण्यांत दाटीवाटीने ठेवले. त्यांच्यापैकी अनेकांना लहानपणी गोवर झालेलाच नव्हता. छावण्यांत साथ भडकली आणि तीन हजारांहून अधिक सैनिक दगावले. मृत्यूचे मुख्य कारण गोवरानंतर होणारा न्यूमोनिया होते. धडधाकट तरुणांची ही गत झाली, तर कुपोषित तान्ह्या बाळाची काय होईल हे वेगळे सांगायला नको. गोवर क्वचितच एकटा मारतो. तो दार उघडतो आणि आत न्यूमोनिया, अतिसार, कानाचा संसर्ग किंवा मेंदूचा दाह शिरतो.

१०/
या दार उघडण्याचे रहस्य अलीकडे अधिक स्पष्ट झाले. नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या मुलांच्या रक्ताचे गोवराआधीचे आणि नंतरचे नमुने तपासणारे संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. गोवर होऊन गेल्यावर या मुलांच्या शरीरातील इतर रोगांविरुद्धची प्रतिपिंडे ११ ते ७३ टक्क्यांपर्यंत नष्ट झालेली आढळली. गोवर स्वतःची आठवण कोरून ठेवतो आणि आधी जिंकलेल्या लढायांची आठवण पुसून टाकतो. ‘एकदा गोवर होऊन गेला की मूल पक्के होते’ या समजुतीत अर्धे सत्य आहे. उरलेले अर्धे पुढच्या आजारपणांत फेडावे लागते.

११/
आता फॅरो बेटांकडे पुन्हा पाहू. १७८१ ची साथ विझल्यावर गोवर तेथे पासष्ट वर्षे का फिरकला नाही? १९५७ मध्ये ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ मॉरिस बार्टलेट यांनी शहरांच्या नोंदी चाळून याचे उत्तर मांडले. गोवराला जिवंत राहण्यासाठी अखंड नवी मुले लागतात. छोट्या वस्तीत लागण होण्याजोगी मुले संपतात आणि साथ आपोआप विझते. सुमारे अडीच ते तीन लाखांहून मोठ्या शहरात मात्र नवी बालके सतत जन्मत असल्याने गोवर कधी विझतच नाही. लशीपूर्वीच्या काळात हीच गोवराच्या मुक्कामाची मर्यादा होती.

१२/
ही मर्यादा उल्हास नदीच्या काठी लावून पाहावी. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या सुमारे ५ लाख ६ हजार होती, तीही अवघ्या १३ चौरस किलोमीटरच्या आसपास. अंबरनाथची सुमारे २ लाख ५३ हजार, कुळगाव-बदलापूरची सुमारे १ लाख ७४ हजार. कागदावर पहिले शहर मर्यादेच्या वर, दुसरे काठावर आणि तिसरे खाली. परंतु या तिन्ही नगरांतील माणसे रोज एकाच लोकलने कामाला जातात. कोणी एका नगरात राहते, दुसऱ्यात राबते, मूल तिसऱ्यात आजीकडे ठेवते. गोवराच्या हिशेबात ही सव्वानऊ लाखांहून मोठी एकच नगरी ठरते, आणि तिच्या शेजारी कल्याण, पलीकडे ठाणे, त्यापुढे मुंबई.

१३/
मग तोडगा कोणता? १९५४ मध्ये बॉस्टनजवळच्या एका निवासी शाळेत गोवराची साथ आली. जॉन एंडर्स आणि थॉमस पीबल्स यांनी तेरा वर्षांच्या डेव्हिड एडमन्स्टन या विद्यार्थ्याच्या नमुन्यातून विषाणू वेगळा केला. त्या विषाणूला क्षीण करत करत १९६३ मध्ये लस आली. १९६६ मध्ये पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटची स्थापना झाली. ही संस्था पुढे गोवराच्या लशीची जगातील मोठी उत्पादक ठरली. तिच्या लशीतील वाणाचे नाव ‘एडमन्स्टन-झाग्रेब’ आहे. एका आजारी शाळकरी मुलाचे आडनाव असे जगभरच्या दवाखान्यांत पोहोचले.

१४/
भारतात १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला आणि गोवराची लस त्यात आली. दुसरा डोस २०१० पासून जोडला जाऊ लागला. २०१७ पासून गोवर आणि रुबेला यांची एकत्रित लस टप्प्याटप्प्याने आली. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांसाठी तिची मोहीम निघाली. आज सरकारी वेळापत्रकानुसार पहिला डोस ९ ते १२ महिन्यांच्या दरम्यान आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दिला जातो. सरकारी केंद्रांवर दोन्ही विनामूल्य मिळतात.

१५/
दोन डोस का, याचे गणित साधे आहे. कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना रोग देतो. समजा, हा आकडा १५ आहे. त्या १५ पैकी १४ जण सुरक्षित असतील तर रोग फक्त एकाला लागेल आणि साथ वाढणार नाही. १५ पैकी १४ म्हणजे सुमारे ९३ टक्के. आता नवव्या महिन्यात दिलेला एक डोस सुमारे ८५ टक्के बाळांना संरक्षण देतो. म्हणजे गावातील झाडून साऱ्या बाळांना एकच डोस मिळाला, तरी ९३ ची पायरी गाठता येत नाही. सुटलेल्या १५ जणांसाठी दुसरी संधी हवीच. म्हणून दोन्ही डोसांचे प्रमाण ९५ टक्क्यांवर न्यावे, हे जागतिक लक्ष्य ठरले.

१६/
या ९३ टक्क्यांच्या भिंतीआड काही जण कायम उभे असतात. सहा महिन्यांचे बाळ, ज्याचे लशीचे वय अजून झालेले नाही. कर्करोगाचे उपचार घेणारे मूल, ज्याला ही जिवंत लस देता येत नाही. गरोदर स्त्री, जिला ती वर्ज्य आहे. त्यांना वाचवणारे हात शेजाऱ्यांच्या मुलांचे असतात. बराकीत भिंत सामायिक असते तशीच ही भिंतही सामायिक. एकाने वीट काढली की गारवा शेजारच्या घरात शिरतो.

१७/
भिंत एका दिवसात पडत नाही, हळूहळू पोखरली जाते. २०२० मध्ये करोनाची महासाथ आली. दवाखाने व्यापले गेले, टाळेबंदीत बालकांच्या लशी चुकल्या, स्थलांतरित कुटुंबे गावी गेली आणि परतली. २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे अडीच कोटी बालकांचा गोवराचा पहिला आणि १ कोटी ४७ लाख बालकांचा दुसरा डोस हुकला. त्याच वर्षी गोवराने जगात अंदाजे १ लाख २८ हजार बळी घेतले. रोग गेलेला नव्हता. तो बार्टलेटच्या नियमाप्रमाणे लागण होण्याजोगी मुले पुरेशी साठण्याची वाट पाहत होता.

१८/
मुंबईत ती वेळ २०२२ च्या शरदात आली. ऑक्टोबरच्या अखेरीस गोवंडीत अल्प काळात लहान मुलांचे मृत्यू झाले आणि शहर हादरले. नोव्हेंबरात केंद्राचे पथक आले. चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात गोवराच्या मुलांसाठी कक्ष उघडले. साथीच्या बातम्या मालेगाव, भिवंडी आणि ठाण्यातूनही येऊ लागल्या. राज्याने डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमले. आजारी पडलेल्यांत लशीचा एकही डोस न घेतलेली मुले मोठ्या संख्येने होती. दाट वस्ती, कुपोषण आणि चुकलेले डोस ही तिन्ही कारणे एकाच पत्त्यावर भेटली होती.

१९/
तेव्हा केंद्राने दिलेली सूचना लक्षात ठेवण्याजोगी आहे. साथीच्या भागांतील ९ महिने ते ५ वर्षे वयाच्या सर्व बालकांना एक जादा डोस द्यावा. जेथे नऊ महिन्यांहून लहान बाळांतील रुग्ण एकूण रुग्णांच्या दहा टक्क्यांहून अधिक असतील, तेथे सहाव्या महिन्यापासूनच एक डोस द्यावा. या लवकरच्या डोसाला ‘शून्य मात्रा’ म्हटले गेले, कारण तो नेहमीच्या मोजणीत धरला जात नाही. आईकडून आलेली प्रतिपिंडे लहान वयात लशीला निष्प्रभ करू शकतात. त्यामुळे शून्य मात्रा मिळालेल्या बाळालाही पुढचे दोन्ही डोस घ्यावेच लागतात. साथीत पुष्कळ पालकांची गफलत येथेच होते.

२०/
गोवंडीत लस होती, परिचारिका होत्या, तरी काही दारे उघडत नव्हती. अशा बंद दारांचा इतिहासही महाराष्ट्राला परिचित आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. पुण्यात वॉल्टर रँडच्या अधिकाराखाली गोरे सैनिक घराघरांत, माजघरात, देवघरात शिरले. २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच वर्षी, १० जानेवारीला, मुंबईत वाल्देमार हाफकिन यांनी स्वतः तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. आणि १० मार्चला पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना झालेल्या संसर्गाने सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला.

२१/
एकाच वर्षात साथीशी वागण्याचे तीन मार्ग येथे दिसले. एक बंदुकीचा, एक स्वतःवर आधी प्रयोग करण्याचा आणि एक रुग्णाला उचलून घेण्याचा. पहिल्या मार्गाने लोकांना रुग्ण लपवायला शिकवले, आणि लपवलेला रुग्ण साथीचा सर्वात मोठा मित्र असतो. २०२२ मध्ये अधिकाऱ्यांनी वस्त्यांतील डॉक्टर, धर्मगुरू आणि स्थानिक मंडळी यांना सोबत घेतले, त्यामागे हेच शहाणपण होते. दार हुकमाने उघडले तर ते पुढच्या वेळी अधिक घट्ट बंद होते. ओळखीच्या आशाताईने ठोठावले तर ते सहज उघडते.

२२/
आजारी मुलासाठी एक जुने आणि स्वस्त साधन आहे. १९३२ मध्ये लंडनच्या जे. बी. एलिसन यांनी गोवराच्या सहाशे मुलांचे दोन गट केले. एका गटाला कॉड माशाच्या यकृताच्या तेलातून जीवनसत्त्व अ मिळाले. त्या गटातील मृत्यू दुसऱ्याच्या निम्म्याहूनही कमी भरले. हे निरीक्षण अनेक दशके अडगळीत पडले. १९८७ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ते पुन्हा शिफारशीत आणले. १९९० च्या केपटाउनमधील चाचणीत अ जीवनसत्त्व मिळालेल्या ९२ मुलांपैकी दोन आणि न मिळालेल्या ९७ पैकी दहा दगावली. आज गोवराच्या रुग्णाला वयानुसार ठरलेली मात्रा सलग दोन दिवस दिली जाते. ती डॉक्टरांच्या हातूनच घ्यावी, कारण या जीवनसत्त्वाचा अतिरेक घातक असतो.

२३/
या साऱ्या इतिहासाचा अर्क घरापुरता काढला तर तो असा. साथीची बातमी येताच कपाटातले माता-बाल संरक्षण कार्ड काढावे आणि दोन्ही डोसांच्या तारखा पाहाव्यात. डोस चुकला असेल तर वेळ गेली असे समजू नये, जवळच्या केंद्रात तो द्यावा. कार्ड हरवले असेल आणि खात्री नसेल तर पुन्हा लस घेतल्याने अपाय होत नाही. लस न घेतलेले मूल रुग्णाच्या संपर्कात आले, तर ७२ तासांच्या आत दिलेली लस रोग टाळू शकते किंवा सौम्य करू शकते. घरात तान्हे बाळ किंवा गरोदर स्त्री असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. त्यांच्यासाठी वेगळा उपाय असतो आणि त्याला मुदत असते.

२४/
मूल आजारी पडलेच, तर पुरळ उठल्यापासून चार दिवस त्याला शाळा, अंगणवाडी, शिकवणी आणि लग्नसमारंभ यांपासून दूर ठेवावे. दवाखान्यात नेण्याआधी फोन करावा, म्हणजे तेथील प्रतीक्षा करणारी बालके वाचतील. दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधण्याची रीत जुनी आहे. ‘या घरात येऊ नका’ एवढा निरोप त्यातून मिळत असेल तर तिचा उपयोगच आहे. मात्र अन्न तोडणे, दूध बंद करणे, औषध नाकारणे या रीती जीव घेतात. भरपूर पाणी, पातळ व पौष्टिक आहार आणि अंगावरचे दूध चालू ठेवावे. श्वास भरभर चालणे, मूल काहीही पिईनासे होणे, गुंगी, झटके किंवा डोळ्याच्या बुबुळावर पांढुरकेपणा दिसणे, यांपैकी एक जरी खूण दिसली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे.

२५/
आणि शेवटी शेजार. बांधकामावर नुकतेच आलेले कुटुंब, वीटभट्टीवरून परतलेली मुले, भाड्याच्या खोलीत आठवड्यापूर्वी उतरलेला संसार, यांची नावे कोणत्याच यादीत पटकन सापडत नाहीत. लशीसाठी त्या गावचा रहिवासी असल्याचा पुरावा लागत नाही, हे त्यांना अनेकदा कोणी सांगितलेलेच नसते. ते सांगणे हेही स्वतःच्या मुलाचे रक्षण करणेच होय. पंचाहत्तर वर्षांपूर्वी कल्याण कॅम्पच्या बराकींत उतरलेली माणसेही अशीच नवखी, नाव-गाव मागे ठेवून आलेली होती.

२६/
फॅरोच्या ९८ वृद्धांना त्यांच्या प्रतिकारशक्तीसाठी १७८१ ची साथ भोगावी लागली. त्या साथीतून जे वाचले नाहीत, त्यांची साक्ष घ्यायला पानुम पोहोचू शकला नाही. आजच्या बाळाला तीच आठवण दंडावरच्या दोन टोचण्यांत मिळते, बळी न देता. अंबरनाथच्या मंदिराने हजार वर्षे आणि उल्हासनगरच्या बराकींनी एक फाळणी पाहिली. संध्याकाळी बदलापूरला उतरणारी गर्दी आपापल्या घरी जाते आणि दारे लागतात. पण त्या दारांआडची मुले एकाच भिंतीच्या आधाराने सुरक्षित असतात, आणि ती भिंत तिन्ही नगरांना मिळूनच बांधावी लागते.